लालासाहेबांचे न भाजणारे पाय

उत्कर्षा पहिल्यांदा जगदाळ्यांच्या मळ्यावर आली तेव्हा सगळं कुटुंब अंगणात उंचीप्रमाणे उभं होतं.

आधी सुभेदार लालासाहेब, मिलिटरीतून रिटायर, मिशा पांढऱ्या आणि टोकाला पिळलेल्या. मग मुलगा शिवतेज, मग सून क्रांती, मग लालासाहेबांची बायको बनुबाई. बनुबाईंच्या पलीकडं दोन म्हशी. म्हशी उंचीच्या नियमात बसत नव्हत्या, पण शिंगं गेरूनं रंगवलेली होती आणि शिवतेजपेक्षा त्या सरळ उभ्या होत्या. अंगणाच्या कडेचे धोंडे चुन्यानं पांढरे केले होते. आंब्याच्या बुंध्याला कमरेपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा. एक कोंबडी चुन्याच्या घमेल्यात पडून अर्धी पांढरी झाली होती. तिला रांगेतून वगळलं होतं.

"घरात मानसं चार, म्हशी दोन. समदी फिट," लालासाहेब म्हणाले. "करून घ्या इन्स्पेक्शन."

उत्कर्षा वाईची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं प्रत्येक मुलीला कुंडलच्या अलीकडच्या पिंपरखडीतलं एकेक घर नेमून दिलं होतं. महिनाभर त्या घरी जायचं, माणसं काय खातात, पाणी कुठलं पितात, कोण कशानं कण्हतंय ते बघायचं, घराला आरोग्याच्या दृष्टीनं कशाची गरज आहे ते हुडकायचं आणि त्यावर काहीतरी करून दाखवायचं. बाकीच्या मुलींचं नशीब चांगलं होतं. भार्गवी नावाच्या मुलीला दमा, मूळव्याध आणि कुपोषण एकाच छपराखाली मिळालं होतं. ती एसटीतून गाणं म्हणत परत जायची.

"काका, मी इन्स्पेक्शनला नाही आले," उत्कर्षा म्हणाली. "तुम्हाला काही त्रास होत असेल तर—"

"तरास शेजारी हाय." लालासाहेबांनी मिशीच्या टोकानंच बांधापलीकडचं केरबा थोराताचं घर दाखवलं. "आपल्याकडं न्हाई."

"खोकला? पोटाचं काही? झोप लागते का?"

प्रत्येक प्रश्नाला तिघंजण आधी लालासाहेबांकडं बघायचे आणि मग मान हलवायचे. तेवढ्यात बनुबाई खोकल्या.

"ती हसली," लालासाहेब म्हणाले.

कॉलेजात चारुशीला मॅडमनी उत्कर्षाचं सगळं ऐकून घेतलं. "गरज नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू अंगणात बसलीस ना? अंगणात सगळेच निरोगी असतात. ते राबतात तिथं जा."

राबायची जागा फार लांब नव्हती. साखर कारखान्याची ऊसतोड आली होती, पण टोळीतली निम्मी माणसं रातोरात दुसऱ्या मुकादमाकडं गेली होती. ट्रॉली बांधावर उभी, ऊस फडात उभा आणि मुकादम फोनवर उभा. ट्रॉली भरली नाही तर ती दुसऱ्याच्या फडात जाणार आणि मग पुन्हा कधी येईल ते कारखान्यालाही सांगता येणार नव्हतं. म्हणून जगदाळ्यांचं सगळं घर टोळीबरोबर फडात उतरलं होतं. लालासाहेब आणि शिवतेज कोयत्यानं बुडातून ऊस तोडत होते. क्रांती पाला सोलत होती, अंगात शिवतेजचा जुना शर्ट आणि डोक्याला टॉवेल. बनुबाई उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्याला पीळ देऊन मोळ्या बांधत होत्या. पाल्याची कुसळं घामावर चिकटत होती आणि मानेवर तांबडे ओरखडे उठत होते.

उत्कर्षानं पांढरा ॲप्रन काढून पिशवीत ठेवला आणि मोळी उचलायला गेली. मोळीनंच तिला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," क्रांती हसत म्हणाली. "तुमी नुसतं सोला. आनि काय इचारायचं ते हितं इचारा. मामंजी लांब हायत."

"तुम्हाला काही त्रास आहे?"

"हाय की! माझी कंबर जाती. ह्यांना पित्त हाय, सकाळी उठलं की वाघ बोलल्यागत आवाज काढत्यात. आत्याबाईंचा गुडघा वाजतो, आमी त्याच्यावर पाऊस वळखतो. म्हशींना गोचीड झाल्यात. पन इन्स्पेक्शनला बोलायचं न्हाई असा हुकूम हाय."

उत्कर्षाला इतका आनंद झाला की तिनं क्रांतीचा हात धरला. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"गुडघ्याला चांगलं मलम द्या," बनुबाई मोळीमागून म्हणाल्या.

एवढ्यात उत्कर्षाला पाल्यावर रक्त दिसलं. एक ठिपका, मग दुसरा, मग अर्धं पाऊल, मग अख्खं. तुटलेल्या उसाची धसकटं जमिनीतून भाल्यासारखी वर आलेली असतात आणि त्या भाल्यांमधून ही पावलं अगदी सरळ रेषेत गेली होती. पावलांच्या शेवटी लालासाहेब उभे होते. अनवाणी. तंबाखू मळत.

"काका, तुमच्या पायात काहीतरी घुसलंय!"

लालासाहेबांनी पाय उलटा करून बघितला. टाचेत बोटाएवढं धसकट मोडून अडकलं होतं. चपलेतला खिळा काढावा तसं त्यांनी ते उपसलं आणि दोन्ही बाजूंनी बघितलं.

"जुनं दिसतंय," ते म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

फडातले कोयते थांबले. टोळीतल्या माणसांनी हात जोडले. मुकादमानं फोन कानावरून काढला.

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" कोणीतरी ओरडलं.

ह्याचं कारण उत्कर्षाला क्रांतीनं सांगितलं. पुढच्या रविवारी भैरोबाची जत्रा होती. जत्रेला देवळापुढं लांब चर खणतात, त्यात बाभळीची लाकडं जाळून इंगळ करतात आणि पालखी आली की त्या इंगळावरून अनवाणी चालतात. पहिलं पाऊल जगदाळ्यांच्या घराचं. तो मान लालासाहेबांच्या आजापासूनचा. मानकऱ्यानं जत्रेआधी आठवडाभर पायात काही घालायचं नाही. दुसरं पाऊल थोरातांच्या घराचं, म्हणजे केरबाचं.

"पूर्वी मामंजी बी पळायचं इंगळावरनं," क्रांती म्हणाली. "पन आता न्हाई. आता देव पावलाय. परेडला चालल्यागत चालत्यात. गेल्या साली तर मधी थांबून सरपंचास्नी रामराम घातला, ऊस कवा जानार इचारलं आनि मग पुढं गेले. मानसं पायाची माती घरी नेत्यात."

"आणि केरबाकाका?"

"ते शेळी उधळल्यागत जात्यात. वरडत. त्यांची भक्ती पातळ हाय म्हनत्यात."

उत्कर्षाला काही भक्तीवर बोलायचं नव्हतं. तिनं लालासाहेबांना आंब्याखाली बाजेवर बसवलं, टाच धुतली, पट्टी बांधली आणि बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली. यंत्रावर जो आकडा आला तो बघून तिनं यंत्र झटकलं आणि पुन्हा तपासलं. तोच आकडा.

"काका, तुमची शुगर फार वाढलीय."

"वाढनारच. आमी कारखान्याचं सभासद हाय."

"आता डोळे मिटा. मी पायाला कापूस लावीन. लागला की हां म्हणा."

लालासाहेबांनी डोळे मिटले, छाती पुढं काढली. उत्कर्षानं कापसाची बारीक वात करून त्यांच्या अंगठ्याला लावली.

"हां!" लालासाहेब म्हणाले. हजेरी घेताना म्हणावं तसं.

तिनं तळव्याला लावली. "हां!" करंगळीला लावली. "हां!"

उत्कर्षाला थोडी शंका आली. तिनं कापूस खिशात ठेवला आणि हाताची घडी घालून बसली.

"हां!" लालासाहेब म्हणाले. थोडा वेळ गेला. "हां!"

बनुबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी उत्कर्षाचे मोकळे हात बघितले, नवऱ्याचे मिटलेले डोळे बघितले आणि त्यांच्या हातातली बशी कलली. वाफाळता चहा लालासाहेबांच्या उजव्या पायावर सांडला. उत्कर्षानं तांब्या उचलून पायावर भडाभडा पाणी ओतलं.

लालासाहेब डोळे मिटून शांत बसले होते. मग, बराच वेळ झाला असं वाटून, म्हणाले, "हां!"

"आवं, डोळं उघडा," बनुबाई म्हणाल्या.

लालासाहेबांनी पाय बघितला. चहाची पावडर बोटांच्या बेचक्यात अडकली होती.

उत्कर्षानं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. साखर वर्षानुवर्षं वाढत राहिली की पायाच्या नसा मरतात. मग काटा लागलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही. न कळलेली जखम चिघळते. आधी बोट काढावं लागतं, मग पाऊल, मग पाय. गोळ्या घेतल्या, पाय जपला, तर काही होत नाही. मात्र ह्या पायांनी इंगळावर जायचं नाही.

लालासाहेब ऐकत राहिले. एक म्हैस रेकली, तिच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"पयल्यांदा लय भाजायचं पोरी," ते शेवटी म्हणाले. "मी काय खोटं बोलनार. मनातल्या मनात देवाला आईवरनं शिव्या देत पळायचो. मग एका साली लागलंच न्हाई. नुसतं गार माती तुडवल्यागत. मी रडलो त्या दिवशी. म्हटलं, देवानं माफ केलं. मग मी दारू सोडली. शिव्या सोडल्या, ट्रॅक्टर सोडून. केरबाचा बांध नांगरून आत घेतला व्हता, त्यो त्याचा त्याला दिला. पावलेल्या मानसानं बांध कोरायचा बरा दिसत न्हाई." त्यांनी पायाकडं बोट केलं. "म्हंजी ही समदी शुगरच?"

उत्कर्षाच्या पुस्तकात ह्या प्रश्नाला जागा नव्हती.

"शुगरनं का हुईना, सुधरलासा न्हवं?" बनुबाई म्हणाल्या. "देवाला हाताशी जे गावलं त्यानं काम केलं." मग त्या उत्कर्षाकडं वळल्या. "आनि लागत न्हाई म्हंजी भाजत न्हाई असं न्हाई बाई. दरसाल जत्रा झाली की तळपायाला ह्ये एवढं फोड येत्यात. दार लावून मीच हळद-तूप लावती. गावाला सांगतो, सुबेदार एकांतात बसल्यात."

"बने!" लालासाहेब म्हणाले.

"आता काय बने? पाय जाईस्तवर एकांतात बसनार का?"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. लालासाहेबांनी गोळ्या घ्यायला, पट्टी बदलायला, चहा बिनसाखरेचा प्यायला, सगळ्याला होकार दिला. चप्पलसुद्धा घालतो म्हणाले, जत्रा झाल्यावर. फक्त एक गोष्ट ऐकली नाही.

"इंगळावर जानार. मी न्हाई गेलो तर मान केरबाच्या घरात जातुया आनि गेलेला मान माघारी येत न्हाई. माझा बा तापानं फनफनलेला असताना चालला."

"काका, पाय जाईल!"

"मग पुढच्या साली लंगडी घालीन."

उत्कर्षा त्या संध्याकाळी एसटीत बसून रडली. भार्गवीनं गाणं थांबवलं आणि विचारलं, तर ती म्हणाली, "मला घरात गरज सापडली. आता ती नको झालीय."

बनुबाई मात्र रडल्या नाहीत. सकाळी धार काढून झाल्यावर त्यांनी चरवी खाली ठेवली आणि चुलीपुढं बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "मान घराचा हाय का पायाचा?"

"म्हंजी?"

"म्हंजी तुमच्या बाच्या आधी तुमचा आजा चालला. त्याचा पाय न्हेला व्हता का तुमच्या बानं? मान घराचा. घरातलं कोन बी चालंल."

सगळ्यांनी शिवतेजकडं बघितलं. शिवतेज भाकरी खात होता. त्यानं घास गिळला आणि उत्कर्षा नुकतीच अंगणात आली होती तिला हाक मारली.

"मॅडम, माझं पित्त तुमी लिहून घेतलं का? शिवाय मला चक्कर येती. छातीत बी कायतरी हुतंय. डाव्या बाजूला. कवा कवा उजव्या. लहानपनी मला गोवर झाल्ता, त्यो अजून गेलेला न्हाई."

"पहिल्या दिवशी तर सगळे फिट होते," उत्कर्षा म्हणाली.

"तवा इंगळ नव्हतं," क्रांती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या त्यास्नी. मी जाती."

"तुझी कंबर जाती," बनुबाई म्हणाल्या. "मी जाती."

"आनि गुडघा?" लालासाहेबांनी विचारलं.

"इंगळावर गुडघ्याचं काय काम हाय? तितं कोन मांडी घालून बसनार हाय व्हय?"

प्रश्न देवळात गेला. गुरव अर्जुना दगडी पायरीवर बसून दिव्यांच्या वाती वळत होता. शेजारी केरबा थोरात होताच. कारण पिंपरखडीत मोटार बंद पडली तरी आवाज केरबाच्या घरी आधी जातो.

"बाईमानूस पयलं पाऊल टाकनार?" केरबा म्हणाला. "देवाला चालंल का?"

"देवानं कवा न्हाई म्हटलंय?" अर्जुना म्हणाला. "तुमीच कुनी इचारलं न्हाई."

"पन सुबेदारास्नी काय झालंय? धडधाकट मानूस. कारन सांगा आनि मग मान हलवा. कारन नसंल तर मान माझ्याकडं येतुया, ही रीत हाय."

हे बरोबर होतं. मानकरी का चालत नाही ते त्यानं देवापुढं, गावापुढं सांगायचं ही रीत होती. संध्याकाळी आरतीला गाव जमलं. लालासाहेब पट्टी बांधलेला पाय घेऊन पायरीवर उभे राहिले. माणसं पाया पडायला पुढं आली तशी त्यांनी हात आडवा केला.

"पाया पडू नका," ते म्हणाले. त्यांचा आवाज शंभर जवानांना ऐकू जाणारा होता, तो आज पहिल्या रांगेपर्यंतच गेला. "मला देव पावलेला न्हाई. मला शुगर हाय. पायाची नस मेलीया. इंगळ सोडा, माझ्या पायावर उकळता चा सांडला तरी मला कळत न्हाई. तुमी माझ्या पायाची माती न्हेली, ती... माती हाय. कुंडीत घाला."

लालासाहेबांच्या मिशा खाली आल्या होत्या. बनुबाई त्यांच्या मागं भिंतीसारख्या उभ्या होत्या.

केरबा हळूहळू पुढं आला. "म्हंजी," तो म्हणाला, "मधी थांबून तू सरपंचाला रामराम घातलास—"

"मला कळलंच न्हाई रं किती येळ झाला."

"आनि मी वरडत पळायचो तवा समदं गाव मला हसायचं. भक्ती पातळ म्हनायचं. माझी बायको मला म्हनायची, सुबेदाराकडं बघा, शिका जरा!"

"व्हय."

"आनि मला भाजत व्हतं, कारन की ते इंगळ व्हतं!"

"व्हय रं गड्या."

केरबा पायरीवर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं रडतोय. मग त्याचं हसू बाहेर आलं, खोकला आल्यासारखं, आणि तो हसता हसता आडवा झाला. त्याला दोघांनी धरून बसवलं.

"मला मान नको," डोळे पुसत तो म्हणाला. "बनुवैनीच चालू देत. मला फकस्त माईकवरनं एकदा सांगा."

"काय सांगू?" अर्जुनानं विचारलं.

"केरबा थोराताचं पाय चांगलं हायत म्हनून."

अर्जुनानं माईक घेतला आणि सांगितलं. ते भोंग्यावरून ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं. तिथली कुत्री भुंकली.

तेवढ्यात गर्दीतून विकास सोसायटीचे भाऊसो हळूच म्हणाले, "मला बी गेल्या साली फारसं लागलं न्हवतं." मग सगळ्या पुरुषांनी आपापल्या पायांकडं बघितलं. ज्याला त्याला आपण गेल्या वर्षी जरा जास्तच शांतपणे चाललो असं वाटायला लागलं. देवळात घबराट पसरली.

अर्जुनानं उत्कर्षाला पुढं बोलावलं. "पोरी, ती कापसाची परीक्षा तू समद्यांची घे. ज्याला कापूस लागंल त्यानंच इंगळावर जायचं. देवाचा हुकूम हाय."

"देवानं कवा दिला?" केरबानं विचारलं.

"आत्ताच."

उत्कर्षानं सांगून बघितलं की मुळात कोणीच इंगळावर जाऊ नये. गावानं ते आदरानं ऐकलं आणि परीक्षेसाठी सतरंजी अंथरली.

जत्रेच्या दिवशी सकाळी पिंपळाच्या पारावर ती कापूस घेऊन बसली. अर्जुनानं कापसाच्या पुडक्याला हळदकुंकू लावलं. कोणीतरी साखर तपासायच्या यंत्रापुढं उदबत्ती लावली. रांग ओढ्यापर्यंत गेली, म्हणून तिनं वर्गातल्या सगळ्या मुलींना बोलावून घेतलं. भार्गवी आपला दमा, मूळव्याध, कुपोषण सोडून आली. माणसं डोळे मिटून बसायची आणि कापूस लागला की "चांगभलं!" म्हणायची. ज्यांना लागला नाही ती गप्प उठून बाजूला बसायची. अशी बाजूला बरीच माणसं बसली. त्यात एक पैलवान होता आणि तो हमसून रडत होता. बनुबाईंना कापूस लावल्याबरोबर त्यांनी पाय झटकला आणि उत्कर्षाच्या हातावर चापट मारली. "गुदगुल्या कशापाय करती!"

पाहणीला आलेल्या चारुशीला मॅडम पाराजवळ येऊन थांबल्या. त्यांनी कुंकू लावलेला कापूस बघितला. उदबत्ती बघितली. रांग बघितली.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही मॅडम."

मॅडमनी पर्स बाजूला ठेवली, सतरंजीवर बसल्या आणि कापसाची वात वळायला घेतली. "पुढचा या," त्या म्हणाल्या.

पालखी आली तेव्हा चरातल्या इंगळावर वाऱ्याबरोबर लाली धावत होती. ढोल वाजत होते. गुलालानं झाडंसुद्धा गुलाबी झाली होती. बनुबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पदर कमरेला खोचला. लालासाहेब गर्दीच्या कडेला उभे होते. पायात पट्टी आणि पट्टीवर शिवतेजचे पायमोजे. त्यांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला होता. मानकरी झाल्यापासून त्यांनी इंगळ असं बाहेरून कधी बघितलं नव्हतं.

"बने," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जाऊ दे मान."

"गप बसा," बनुबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

पहिलं पाऊल त्यांनी मानकऱ्याच्या इतमामानं टाकलं. दुसरं पाऊल जरा लवकर पडलं. तिसऱ्या पावलाला त्यांनी एक शिवी दिली. शिवी अस्सल होती, फौजेतली, आणि ती त्यांनी कुठं ऐकली असेल ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतरची पावलं कोणाला दिसली नाहीत. नुसता हिरव्या लुगड्याचा पट्टा इंगळावरून गेला. चर संपला तरी त्या थांबल्या नाहीत. ढोलवाल्यांच्या मधून, नारळाच्या गाड्याला वळसा घालून त्या सरळ आडापाशी जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत जाऊन उभ्या राहिल्या. पाणी पिणारा बैल दचकून बाजूला झाला.

"आई गं!" बनुबाई म्हणाल्या. "आई गं, काय लागतंय! काय लागतंय!" आणि खदखदून हसायला लागल्या.

मग गुरवानं घंटा वाजवली आणि केरबा सुटला. तो नेहमीसारखाच उधळला, नेहमीसारखाच ओरडला. फरक इतकाच की ह्यावेळी कोणी हसलं नाही. आणि पहिला मानकरी डोणीत गेला म्हणून तोही डोणीत गेला. त्याच्यामागून आलेला डोणीत गेला. त्याच्यामागचाही. बघता बघता ती रीत झाली. माणसं इंगळावरून ओरडत यायची, आडाकडं पळायची, डोणीत उभी राहायची आणि बनुबाईंबरोबर हसायची. पुढच्या वर्षी डोण लहान पडेल म्हणून दुसरी करायची वर्गणी तिथंच सुरू झाली. भाजल्यावर गार पाणी, हेच उत्कर्षा पारावर घसा बसेपर्यंत सांगत होती. आता देवानंच सांगितल्यावर तिनं वेगळं काही सांगायचं राहिलं नव्हतं.

लालासाहेब लंगडत आले. डोणीच्या काठावर बसले. आडातून ओढलेली बादली त्यांनी शिवतेजच्या हातातून घेतली आणि तांब्यानं बायकोच्या पायांवर पाणी घालायला लागले. मग तिच्या शेजारच्या पायांवर. मग त्याच्या शेजारच्या. सुभेदार पायावर पाणी घालतायत म्हणून माणसं संकोचून पाय मागं घ्यायची. ते "सावधान!" म्हणायचे, की पाय जागच्या जागी यायचे.

घालता घालता केरबाचे पाय आले. काळे, भेगाळलेले, बोटं पाण्यात आत-बाहेर होत होती.

"लागलं का रं?" लालासाहेबांनी विचारलं.

"लय," केरबा कळवळून म्हणाला. "लय लागलं."

लालासाहेबांनी तांब्या भरून घेतला.

"नशीबवान हायस गड्या," ते म्हणाले, आणि पाणी घातलं.